नक्षीचं लाटणं, ठोकळा की पेढ्याचा ठसा? नाशिकच्या ओट्यावर स्प्रिंगर्ले

दिवाळीचा फराळ संपत आला की मोबाइलवर नक्षीदार लाटण्यांच्या जाहिराती सुरू होतात. हरणं, हिमकण, पानाफुलांच्या वेली, आणि शेजारी पांढरीशुभ्र बिस्किटं. नक्षी इतकी उठावदार की देवघरातलं चांदीचं नाणं आठवावं. फोटोतली ती बिस्किटं म्हणजे जर्मन स्प्रिंगर्ले. खोक्यातून घरी येतं ते लाटणं मात्र बहुतेक वेळा स्प्रिंगर्लेचं नसतं.

म्हणून नक्षी उठवायची चार साधनं एकाच पिठावर, एकाच ओव्हनमध्ये, नाशिकच्या डिसेंबरातल्या हवेत वापरून पाहिली: लेझरने कोरलेलं लाटणं, चौकोनी घरांचं खोल कोरीव लाटणं, एका चित्राचा लाकडी ठोकळा आणि आपला पेढ्याचा ठसा. निकाल आधीच सांगतो. पहिल्यांदाच करणार असाल तर ठोकळा घ्या. पैसे घालायचेच नसतील तर पेढ्याचा ठसा काढा. खोल कोरीव लाटणं हात बसल्यावर. लेझरचं लाटणं या कामासाठी घेऊच नका.

का, ते कळायला आधी बिस्किटाची जात कळायला हवी. स्प्रिंगर्ले हे जर्मनीच्या नैर्ऋत्येकडल्या श्वाबेन भागातलं, तसंच शेजारच्या अल्सास आणि स्वित्झर्लंडमधलं नाताळचं बिस्किट. स्वित्झर्लंडमधला याचा साचा १४व्या शतकापर्यंत मागे जातो, इतका हा प्रकार जुना. मुख्य जिन्नस चारच: अंडी, साखर, मैदा आणि अनीस (बडीशेपेसारख्या वासाचे बारीक दाणे). लोणी नाही, तूप नाही, तेलाचा थेंब नाही. म्हणजे नानखटाईच्या बरोब्बर उलट. नानखटाई तुपावर खुसखुशीत होते आणि भट्टीत पसरते, तिच्यावर नक्षी काढली तरी ती विरघळून जाते. स्प्रिंगर्लेत पसरायला काही नसतंच. छापलेलं बिस्किट दिवसभर उघड्यावर वाळवतात, वरची साल कडक होते, आणि ओव्हनमध्ये गेल्यावर आतलं ओलसर पीठ फुगून त्या सालीला टोपीसारखं वर उचलतं. खाली सगळीकडून एक खडबडीत, सच्छिद्र कडा दिसू लागते. जर्मन लोक तिला ‘छोटे पाय’ म्हणतात. पाय फुटले आणि वरचं चित्र जसंच्या तसं पांढरं राहिलं, की बिस्किट जमलं. नावाचा एक अर्थ ‘उडी मारणारं’ असा लावतात तो याच उचलण्यावरून.

आता साधनं.

लेझरच्या लाटण्याचं दुखणं तीन ठिकाणी आहे. पहिलं म्हणजे खोली. लेझर लाकूड जाळत जातो, त्यामुळे खाच जेमतेम १ ते दीड मिमी. गार केलेल्या लोणी-मैद्याच्या पातळ बिस्किटावर ती ठीक दिसते, पण स्प्रिंगर्लेचं पीठ वाळताना आणि भाजताना थोडी धार गमावतंच. १ मिमीची रेघ त्यात बुडते. दुसरं, खाचेच्या भिंती सरळ उभ्या असतात. ठोकळ्याच्या कोरीव कामाला आत उतरता ढाळ असतो, म्हणून पीठ निसटून बाहेर येतं. उभ्या भिंतीत ते अडकून राहतं आणि हरणाचं शिंग लाटण्यातच राहतं. तिसरं दुखणं जाहिरातीत कधीच दिसत नाही. खाचेचा तळ जळका असतो. पहिल्या दोन-तीन घाण्यांत पांढऱ्या पिठावर काजळीसारखे करडे डाग उमटतात. तपकिरी बिस्किटावर कुणाच्या लक्षातही येणार नाही, इथे लगेच डोळ्यात भरतं. कोरड्या टूथब्रशने घासलं आणि कणकेचा एक गोळा त्यावर तीन-चारदा लाटून टाकून दिला की डाग जातात. खोली मात्र घासून वाढत नाही.

शिवाय बहुतेक लेझर लाटण्यांवर नक्षी सलग असते, घरं पाडलेली नसतात. मग कापायचं कुठे? वाटीने गोल पाडले तर एका बिस्किटावर अर्धं हरीण आणि दुसऱ्यावर नुसते पाय.

खोल कोरीव लाटण्यावर ही अडचण नसते. चौकोनी किंवा आयताकृती घरं, प्रत्येकात वेगळं चित्र, मध्ये कापायची रेघ. खोली ३ मिमीच्या आसपास हवी. विक्रेता खोली सांगत नसेल तर तिरप्या उजेडातला, छापलेल्या पिठाचा फोटो मागा. लाटण्याचा फोटो पाहून काही कळत नाही. घरी आल्यावर घट्ट कणकेचा गोळा त्यावर दाबून बॅटरी बाजूने धरा. सावली स्पष्ट पडली तर माल बरा.

या लाटण्याला खरा अडथळा आपल्या हाताचा आहे. पोळ्या लाटणारा हात पुढे गेला की आपोआप मागे येतो, आणि मनगट पोळीला जरा फिरवतं. कोरीव लाटणं एकदाच, एकाच दिशेने, सावकाश आणि अंगाचा भार टाकून फिरवायचं असतं. अर्ध्यावर थांबून किंचित मागे आलात की चित्र दुहेरी छापलं जातं, आणि ती पट्टी पुन्हा मळून लाटावी लागते. पुन्हा मळताना प्रत्येक वेळी कोरडा मैदा आत जातो, पीठ घट्ट होत जातं. दुसऱ्या लाटणीपर्यंत ठीक, तिसऱ्या लाटणीची बिस्किटं फुटतात. पोळपाटही इथे उपयोगाचा नाही, त्याच्या गोलात या लाटण्याची लांबी मावत नाही. सरळ ओट्याचा ग्रॅनाइट पुसून कोरडा करा आणि त्यावर काम करा. लाटलेल्या पिठाची जाडी सगळीकडे सारखी हवी, म्हणून दोन्ही बाजूंना १ सेंमी जाडीच्या दोन पट्ट्या ठेवून आधी साध्या लाटण्याने लाटायचं आणि मग नक्षीचं फिरवायचं. जाडी एका बाजूला ७ मिमी आणि दुसऱ्या बाजूला १० मिमी झाली, तर एका टोकाची चित्रं पुसट येतात.

ठोकळ्याला यातलं काहीच लागत नाही. लाटलेल्या पिठावर ठोकळा सरळ ठेवायचा, दोन्ही तळव्यांनी वरून सारखा दाब द्यायचा, सरळ उचलायचा. चित्र बिघडलं तर एकच बिस्किट बिघडतं. ४ बाय ५ सेंमीच्या ठोकळ्याने पाव किलो मैद्याच्या पिठात २५ ते ३० बिस्किटं होतात. वेळ मात्र लागतो, लाटण्याच्या तिप्पट धरा. जर्मनीत पारंपरिक ठोकळे नासपतीच्या लाकडाचे कोरतात, कारण त्याचा रेषा-पोत अगदी बारीक असतो. रेझिनचे ठोकळे जुन्या साच्यांवरून ओतलेले असतात. छाप तितकाच स्वच्छ येतो आणि ते कोमट पाण्याने धुता येतात, एवढा त्यांचा फायदा. दिसायला खेळण्यासारखे वाटतात, पण काम चोख.

पेढ्याचा ठसा मात्र सुखद धक्का ठरला. अडीच-तीन सेंमीचा गोल, फुलाचं किंवा स्वस्तिकाचं कोरीव काम. भांडी बाजारात किंवा कुठल्याही पूजा-साहित्याच्या रांगेत फिरलात तर लाकडी वा धातूचा असा ठसा हाताला लागतो. खोली फार नाही, पण रेघा मोजक्या आणि जाड असल्यामुळे चित्र टिकतं. पीठ १ सेंमीऐवजी ७-८ मिमी लाटा, वाळवायला १२ ते १४ तास पुरतात, भाजायला १० ते १२ मिनिटं. धातूचा ठसा चिकटतो, म्हणून त्याला दर वेळी कॉर्नफ्लोअर लावा. मोदकाचा साचा मात्र चालत नाही, तो दोन पाखांचा आणि भरीव आकारासाठी असतो. बंगाली ‘संदेश’ मिठाईचे लाकडी साचे मिळाले तर उत्तम. त्यातली शंखाची आणि माशाची चित्रं यावर फार छान उठतात.

स्वतःचं चित्र हवं असेल तर अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीकडे सीएनसी राउटरवर (संगणकावर चालणाऱ्या कोरीव यंत्रावर) लाकूड कोरून देणारे कारागीर गाठा. सांगायच्या गोष्टी तीन: खोली ३ ते ४ मिमी, भिंतींना ढाळ, आणि चित्र आरशातल्यासारखं उलटं. अक्षरं असतील तर उलटं करायला हमखास विसरतात. लाकूड बारीक रेषांचं घ्या, हेदू चांगला. सागाच्या उघड्या रेषा पिठावर उमटतात आणि त्याचा तेलकट वासही लागतो. एमडीएफला (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीला) साफ नाही म्हणा, त्यात गोंद असतो आणि तो खाण्याच्या पिठाला लावायचा नसतो.

आता जिन्नस. अंड्याच्या मापातच बरेच जण फसतात. जर्मन कृतीत ‘२ मध्यम अंडी’ लिहिलेलं असतं, तिथलं मध्यम अंडं टरफलासकट ५३ ते ६३ ग्रॅमचं. आपल्याकडचं बरेचदा त्याहून लहान असतं. म्हणून अंडी मोजू नका, फोडून वजन करा. प्रमाण असं: टरफलाशिवाय १०० ग्रॅम अंडं, २५० ग्रॅम पिठीसाखर, २५० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ, एका लिंबाची किसलेली साल, १ चमचा अनीस पिठात आणि १ चमचा ट्रेवर पसरायला, आणि चिमूटभर बेकरीचा अमोनिया. मैद्यातला ३० ग्रॅम बाजूला ठेवा, लागला तरच घाला.

पिठीसाखर मिक्सरमध्ये घरी केलेली चालते, पण मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळा. कणी राहिली तर वाळताना वर पाणीदार ठिपके येतात आणि भाजल्यावर तिथे तपकिरी डाग पडतो.

अनीस म्हणजे आपली बडीशेप नव्हे, हे दुकानात स्पष्ट सांगावं लागतं. ‘विलायती बडीशेप’ म्हणा किंवा काष्ठौषधीच्या दुकानात युनानी नावाने ‘अनीसून’ मागा. तळहातावर घेऊन पाहा: दाणा ३ ते ५ मिमी, तळाशी फुगीर, करडा-हिरवट, आणि पुष्कळ दाण्यांना बारीक देठ लटकलेलं. बडीशेप लांबट आणि हिरवी असते. बाळंतशेप चपटी असते. ती चुकून आली तर बिस्किटाला शेपूच्या भाजीचा वास येतो आणि मग काही इलाज नाही. बडीशेप, अनीस आणि चक्रीफूल या तिन्हींच्या वासामागे ॲनेथॉल हाच पदार्थ आहे, म्हणून अदलाबदल जमते, पण बडीशेपेत फेंचोन या दुसऱ्या पदार्थाची कापरासारखी कडसर झाकही असते. अनीस नाहीच मिळालं तर बारीक लखनवी बडीशेप दीड चमचा, जराशी गरम करून भरड कुटलेली, आणि त्यात चक्रीफुलाची पूड चमच्याचा आठवा भाग. चक्रीफूल जास्त झालं की बिस्किट बिर्याणीकडे झुकतं.

बेकरीचा अमोनिया म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट. जर्मनीत त्याला ‘हरणाच्या शिंगाचं मीठ’ म्हणतात, कारण पूर्वी ते खरोखरच शिंगापासून काढत. आज ते कारखान्यात बनतं आणि बिस्किटाच्या पुड्यावर ५०३ या आकड्याने तुम्ही रोज वाचता. गरम झालं की त्याचा अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते, मागे काही उरत नाही. म्हणूनच ते पातळ, कोरड्या बिस्किटांत चालतं; जाड, ओल्या केकमध्ये वास आतच अडकून राहतो. बेकरी मटेरियलच्या दुकानात मिळतं. लहान पुडी घ्या आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, उघडं राहिलं तर चक्क उडून जातं. पाव किलो मैद्याला चमच्याचा आठवा भाग पुरे, तोही चमचाभर दुधात विरघळवून. जास्त घातलं तर पाय उंच येतात पण चित्र फुगून विस्कटतं. ते नसेल तर तेवढीच बेकिंग पावडर घाला. खायचा सोडा नको, त्याने रंग पिवळा पडतो आणि जिभेवर साबणासारखी चव राहते. मूळ कृतीत काही घरांत चेरीची दारू चमचाभर घालतात. नाशिक आहे म्हणून तिथे वाइन ओतायचा मोह आवरा. लाल वाइनने पीठ गुलाबी-करडं होतं.

अंडं न चालणाऱ्यांसाठी सरळ उत्तर: हे बिस्किट बिनअंड्याचं होत नाही. फेटलेल्या अंड्या-साखरेचा फेस हाच याचा सांगाडा आहे. कंडेन्स्ड मिल्क घालून केलेलं ‘एगलेस’ रूप गोड लागतं, पण तपकिरी होतं आणि पाय फुटत नाहीत. शिवाय डिसेंबरात मार्गशीर्षातले गुरुवार येतात, आणि हे काम दोन दिवस चालतं. घरात गुरुवार पाळत असतील तर शुक्रवारी पीठ, शनिवारी भाजणं असा बेत बसतो.

फेटणं नेटाने करा. जुन्या कृतीत हाताने तासभर फेटायला सांगतात. इलेक्ट्रिक बीटरने १५ मिनिटं पुरतात. अंडी फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवलेली हवीत. आधी अंडी दोन मिनिटं, मग साखर चमच्या-चमच्याने. मिश्रण जवळजवळ पांढरं होतं आणि बीटर उचलल्यावर पडणारी धार वर घडीसारखी क्षणभर राहते, तिथे थांबा. मग लिंबाची साल, अनीस, दुधातला अमोनिया, आणि शेवटी मैदा दोन हप्त्यांत. बीटर बंद करून उलथन्याने किंवा हाताने कालवा. कणकेसारखं मळू नका. पीठ मऊ पण हाताला न चिकटणारं व्हावं, शंकरपाळ्यांच्या पिठाहून सैल. ओलं फडकं झाकून तासभर ठेवा, म्हणजे मैदा पाणी ओढून घेतो आणि बाजूला ठेवलेला मैदा लागेल की नाही ते कळतं.

छापताना मैद्यापेक्षा कॉर्नफ्लोअर बरं, ते खाचेत गोळा होत नाही. मलमलीच्या फडक्यात दोन चमचे बांधून पुरचुंडी करा आणि ठोकळ्यावर हलकेच आपटा. भुकटी खाचेत साचली तर नाक-डोळे बुजतात. कोरड्या ब्रशने झटका. छापल्यावर कापायला शंकरपाळ्यांचं नागमोडी कातण वापरू नका. त्याने कडा दाबली जाते आणि बंद होते, मग पीठ खालून सरळ उचलायला अडतं. धारदार सुरी वरून खाली एका दाबात, ओढत नाही.

आता वाळवणं. नाशिकला या एका बाबतीत जर्मनीचा हेवा वाटायचं कारण नाही. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंत इथली हवा कोरडी आणि थंड, रात्री पारा बराच उतरतो. १ सेंमीचं बिस्किट २४ तासांत नेमकं वाळतं. पावसाळ्यात याच्या वाटेलाही जाऊ नका. साल धरतच नाही आणि दुसऱ्या दिवशी पिठाला आंबूस वास येतो. एप्रिल-मेमध्ये उलटं, वरचा थर चार तासांत कडकडतो, आत ओलं राहतं, आणि कच्चं अंडं असलेलं पीठ ३८-४० अंशांत रात्रभर ठेवणं शहाणपणाचं नाही. हिवाळ्यातही कच्चं पीठ चाखू नका, मुलांना देऊ नका.

ट्रेवर बेकिंग पेपर, त्यावर अनीसचे दाणे पसरून बिस्किटं एकमेकांपासून बोटभर अंतरावर मांडा. घरगुती ओटीजीचा (विजेच्या छोट्या ओव्हनचा) एकच ट्रे असतो आणि त्यात १२-१५ मावतात. उरलेली पेपरसकट ताटांवर वाळवा, भाजायच्या वेळी पेपर सरकवत ट्रेवर घ्या. खालून पेपर असल्यामुळे बुड ओलसर राहतं, तेच हवं. पंखा लावू नका. वारा एका बाजूने आला की ती बाजू आधी वाळते आणि ओव्हनमध्ये बिस्किट विरुद्ध बाजूला कलंडून फुगतं, एकाच बाजूला पाय. खिडकीपासून लांब, पातळ मलमल उंचावर ताणून झाका, बिस्किटांना टेकता कामा नये. मुंग्यांचा बंदोबस्त पहिल्या दिवशीच करा: ताटं पाटावर, आणि पाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. साखर-अंड्याचा हा मेळ मुंग्यांना लाडवाहून प्रिय असतो, हे एका रात्रीत कळतं.

वाळलं की नाही, ते असं पाहा. वरून बोट फिरवल्यावर खडूसारखं कोरडं लागतं. एक बिस्किट उचलून उलटं करा: कडेला फिकट कोरडी पट्टी आणि मधोमध रुपयाएवढा गडद, ओलसर डाग दिसायला हवा. सगळं बुड गडद असेल तर अजून सहा तास. डाग अजिबात नसेल तर जास्त वाळलं. तरी हरकत नाही: फडकं ओलं करून घट्ट पिळा, ताटात पसरा, बिस्किटं त्यावर क्षणभर टेकवून लगेच ट्रेवर ठेवा. बुडाला तेवढीच ओल लागते आणि पाय फुटतात.

ओव्हन आधी दोन्ही रॉडवर १६० अंशांना १५ मिनिटं तापवा. ट्रे ठेवताना वरचा रॉड बंद करून फक्त खालचा चालू ठेवा, जाळी खालून दुसऱ्या कप्प्यात. ४ बाय ५ सेंमीचं बिस्किट १५ ते १८ मिनिटं. वरून काहीही बदललेलं दिसता कामा नये. उलटून पाहिल्यावर बुड फिकट सोनेरी. ओटीजीचा आकडा आणि आतली उष्णता यांत १५-२० अंशांचा फरक सहज असतो, म्हणून आत टांगायचा थर्मामीटर घ्या. लाटण्यापेक्षा तो जास्त उपयोगी पडेल. बुड लवकर करपत असेल तर ट्रेखाली दुसरा रिकामा ट्रे ठेवा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हचा पंखा बंद होत नसेल तर १४० अंशांवर भाजा आणि थोडा कल येणार हे गृहीत धरा. पहिल्या आठ मिनिटांत दार उघडू नका, उचललेली टोपी खाली बसते. दार उघडताना तोंड वर धरू नका, अमोनियाची झणक डोळ्यांत जाते. खिडकी उघडी ठेवा, वास दहा मिनिटांत जातो.

चुकांची कारणं ओळखणं सोपं आहे. वर तडा गेला तर साल पुरती वाळली नव्हती किंवा ओव्हन फार तापला होता. छापतानाच कडा चिरल्या असतील तर मैदा जास्त. पाय फुटले पण चित्र पुसट, तर अमोनिया जास्त किंवा साचा उथळ. पायच नाहीत, तर फेटणं कमी पडलं किंवा बुड सुकलं. आत पोकळी, तर सुरुवातीची आच जास्त. वर पिवळसर झाक, तर वरचा रॉड चालू राहिला. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, तेवढ्या उंचीने या बिस्किटाला फरक पडत नाही. परदेशी कृतींतल्या उंचीच्या सूचना वाचून साखर कमी करू नका. साखर कमी केली की सालच धरत नाही.

भाजून निवल्यावर बिस्किट दगडासारखं लागेल. तक्रार इथेच सुरू होते, आणि कित्येक जण लाटण्याला किंवा कृतीला दोष देऊन डबा बाजूला ठेवतात. हे त्याच दिवशी खायचं बिस्किट नाही. पत्र्याच्या डब्यात भरा, वर छोट्या वाटीत सफरचंदाची एक फोड ठेवा, झाकण लावा. फोड दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर बुरशी धरते. पेरूची फोड ठेवू नका, सगळ्या डब्याला पेरूचा वास लागतो. दोन आठवड्यांत आतला भाग मऊ होतो, साल तशीच राहते, आणि अनीसचा वास सगळीकडे मुरतो. म्हणजे नाताळच्या ताटात हवी असतील तर ५-६ डिसेंबरला पीठ भिजवायला घ्या. घाई असेल तर चहात बुडवून खा.

काम झाल्यावर लाकडी ठोकळा किंवा लाटणं नळाखाली धरू नका. खाचेतलं पीठ तसंच वाळू द्या, दुसऱ्या दिवशी मऊ टूथब्रशने आणि दातकोरण्याच्या टोकाने झाडा. धुतलेलं लाकूड फुगतं, वाळताना रेषेने चिरतं, आणि ती चीर पुढच्या प्रत्येक बिस्किटाच्या चित्रातून आडवी जाते. ठेवताना जुन्या सुती फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. पावसाळ्यात दोनदा बाहेर काढून पाहा. खाचेत पांढरी बुरशी दिसली तर उन्हात दोन तास, मग ब्रश.